विश्लेषण : ऑनलाइन जुनी नाणी घेताना खोटी कशी ओळखायची? टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेप यांचे आयुष्य काय शिकवते?

जुन्या नाण्यांची हौस आता मोबाइलवर आली आहे. पूर्वी सराफकट्ट्यावर, जुन्या बाजारात किंवा नाणेप्रदर्शनात जाऊन नाणे हातात घेऊन बघितले जाई. आता दोन फोटो, चार ओळींची माहिती आणि एक किंमत एवढ्यावर व्यवहार होतो. त्यातच खोट्या नाण्यांचे फावते. पण धातूचा तुकडा खरा की खोटा, हे ठरवण्याची शिस्त नवी नाही. दोनशे वर्षांपूर्वी बनारस आणि कलकत्त्याच्या टांकसाळीत बसून एका इंग्रज तरुणाने ही शिस्त आयुष्यभर पाळली. भारताचा एकसारखा रुपया त्याच्या काळात, त्याच्या टांकसाळीतून निघाला आणि विस्मरणात गेलेली ब्राह्मी लिपीही त्यानेच वाचून दाखवली. त्याचे नाव जेम्स प्रिन्सेप.

प्रिन्सेप कोण होते?

जेम्स प्रिन्सेप यांचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी झाला. त्यांचे वडील जॉन प्रिन्सेप १७७१ मध्ये जवळपास रिकाम्या हाताने भारतात आले होते. निळीच्या व्यवसायात त्यांनी मोठा पैसा कमावला आणि ते इंग्लंडला परतले. पुढे पैसा टिकला नाही, पण ओळखी टिकल्या. जेम्स यांना वास्तुरचनाकार व्हायचे होते आणि त्यांनी तसे शिक्षणही सुरू केले होते. बारीक रेखाटनांच्या कामाने डोळे बिघडले आणि तो मार्ग बंद झाला. भारतातल्या टांकसाळींमध्ये धातूचा कस लावणाऱ्यांची गरज आहे, असे वडिलांना कळले. मग जेम्स यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि लंडनच्या शाही टांकसाळीत कस लावण्याची विद्या आत्मसात केली. पुढे डोळेही सुधारले.

सप्टेंबर १८१९ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी ते कलकत्त्यात उतरले. तिथल्या टांकसाळीचे कसमापक होते होरेस हेमन विल्सन, म्हणजे संस्कृतचे मोठे अभ्यासक. त्यांच्या हाताखाली थोडा काळ काम केल्यावर १८२० मध्ये प्रिन्सेप यांना बनारसच्या टांकसाळीत कसमापक म्हणून पाठवले गेले. पुढची दहा वर्षे त्यांनी तिथे काढली. या काळात त्यांनी शहराचा नकाशा तयार केला, सांडपाण्यासाठी भुयारी मार्ग बांधला, कर्मनाशा नदीवर पूल उभारला आणि घाटांची चित्रे काढली. पण पगार मिळत होता तो धातू तपासण्याचा.

कस लावणे म्हणजे नेमके काय?

रुपया चांदीचा असला तरी शुद्ध चांदीचा नसतो. नाणे टिकावे म्हणून त्यात थोडे तांबे मिसळतात. ते किती मिसळले, हे शोधणे म्हणजे कस लावणे. त्या काळची रूढ पद्धत अशी होती : नाण्याचा छोटा तुकडा अचूक तोलायचा, शिशाबरोबर हाडांच्या राखेच्या वाटीत घालायचा आणि भट्टीत तापवायचा. शिसे आणि तांबे राखेत जिरते आणि वाटीत शुद्ध चांदीचा थेंब उरतो. तो पुन्हा तोलायचा. आधीच्या आणि नंतरच्या वजनावरून चांदीचे प्रमाण कळते.

यात दोन ठिकाणी चूक होऊ शकते. तराजू ढिला असेल तर हिशेब चुकतो आणि भट्टी जास्त तापली तर थोडी चांदीही निघून जाते. प्रिन्सेप यांनी दोन्हींवर उपाय शोधला. ग्रेनच्या हजाराव्या भागांतला फरक दाखवणारा तराजू त्यांनी तयार करवून घेतला. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. भट्टीची उष्णता मोजण्यासाठी त्यांनी सोने, चांदी आणि प्लॅटिनम यांची वेगवेगळ्या प्रमाणांतली मिश्रणे बनवली. प्रत्येक मिश्रण वेगळ्या तापमानाला वितळते, त्यामुळे कोणता तुकडा वितळला आणि कोणता तसाच राहिला, यावरून उष्णता कळे. या कामावरचा त्यांचा लेख १८२८ मध्ये रॉयल सोसायटीने छापला आणि त्याच वर्षी त्यांना सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. तेव्हा ते तिशीही गाठलेले नव्हते.

आजच्या खरेदीदारासाठी यातला धडा सरळ आहे. नाणे कसे दिसते हे शेवटी येते, आधी येते ते वजन. विक्रेता नाण्याची कथा रंगवून सांगत असेल, पण वजन आणि व्यास देत नसेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

एकच रुपया का हवा होता?

बनारसची टांकसाळ १८३० मध्ये बंद झाली आणि प्रिन्सेप कलकत्त्याला परतले. १८३२ मध्ये विल्सन ऑक्सफर्डला गेले आणि कलकत्त्याच्या कसमापकाची जागा प्रिन्सेप यांच्याकडे आली. त्या वेळी देशात एक रुपया नव्हता, अनेक होते. बंगालचा शिक्का रुपया वेगळा, फर्रुखाबादी वेगळा, मद्रास-मुंबईचे वेगळे. आपल्याकडे अंकुशी, चांदवडी असे पेशवाईतले रुपये अजून हातोहात फिरत होते. प्रत्येकाचे वजन वेगळे, कस वेगळा. एका भागातला रुपया दुसऱ्या भागात नेला की सराफ त्यावर बट्टा कापत. रुपया जुन्या साली पाडलेला दिसला तरी बट्टा पडे.

या बट्ट्यावर कंपनीने एक अजब तोडगा काढला होता. बंगालच्या रुपयावर बादशहा शाह आलम यांच्या राज्यारोहणाचे एकोणिसावे वर्षच कायम ठेवले. नाणे केव्हाही पाडलेले असो, त्यावरचे वर्ष तेच. शाह आलम १८०६ मध्ये वारले, तरी त्यांच्या नावाचे रुपये पुढे तीन दशके निघत राहिले. म्हणजे नाण्यावरचे साल आणि नाणे पाडल्याचे साल एकच असते, असे समजू नये. नाण्यावरचे साल तेवढे बघून किंमत मोजणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवायला हवे.

प्रिन्सेप यांनी १८३४ मध्ये वजने, मापे आणि नाण्यांचे उपयुक्त तक्ते छापले. वजन-मापे आणि चलन एकसारखे करण्याच्या प्रयत्नांत त्यांचा मोठा वाटा होता. १८० ग्रेनचा तोळा १८३३ मध्ये ठरला आणि १८३५ च्या कायद्याने कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया आला. वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. त्यावरून मुघल बादशहाचे नाव गेले आणि इंग्लंडचा राजा चौथा विल्यम याचा मुखवटा आला.

१८३५ चा रुपया आज कसा पारखायचा?

हाच रुपया आज संग्राहकांना हवा असतो आणि त्याच्या नकलाही भरपूर विकल्या जातात. तो ऑनलाइन घेताना पुढील गोष्टी बघाव्यात.

वजन आणि आकार : अस्सल नाणे ११.६६ ग्रॅमचे, व्यास सुमारे ३०.५ मिलिमीटर. झिजलेले नाणे थोडे कमी भरेल. मात्र दहा ग्रॅमच्या आत किंवा बारा ग्रॅमच्या वर गेले तर संशय घ्यावा.

अक्षरे : राजाच्या नावापुढे रोमन चार हा आकडा चार उभ्या रेषांनी लिहिलेला आहे. मागच्या बाजूला पानांच्या वेढ्यात इंग्रजीत आणि फारसीत एक रुपया असे मूल्य, तर बाहेर कंपनीचे नाव आणि साल. नाणे ठशाखाली दाबून पाडलेले असल्याने अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतात. नक्कल अनेकदा साच्यात ओतलेली असते. तिच्यावर अक्षरे वितळल्यासारखी गोलसर दिसतात आणि सपाट भागावर बारीक खड्डे किंवा बुडबुडे असतात.

काठ : नाण्याच्या काठावर सारखे दाते असतात. ओतीव नकलेच्या काठावर दोन अर्धे साचे जुळल्याची रेघ दिसू शकते. म्हणूनच अनेक विक्रेते काठाचा फोटो देत नाहीत. तो मागून घ्यावा.

घनता : नाणे घरी आल्यावर ०.०१ ग्रॅमपर्यंत वजन दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला आणि बाजूंना टेकणार नाही असे धरा. काट्यावर जो आकडा येईल त्याने नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. या रुपयाचे उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवे. ११.६६ ग्रॅमच्या अस्सल नाण्यासाठी काटा सुमारे १.१३ ग्रॅम दाखवील. तांबे-निकेलच्या नकलेसाठी तो १.३ ग्रॅमच्या पुढे जाईल. नाणे झिजलेले असले तरी हा भागाकार बदलत नाही, म्हणून ही कसोटी नुसत्या वजनापेक्षा भरवशाची आहे.

चुंबक : चांदीला चुंबक ओढत नाही, म्हणून नाणे चुंबकाला चिकटले तर ते खोटे. पण चिकटले नाही म्हणून खरे ठरत नाही. नकलेसाठी वापरले जाणारे बरेच मिश्रधातूही चुंबकाला चिकटत नाहीत.

सालाबाबत एक गोष्ट. चौथा विल्यम १८३७ मध्ये वारला, तरी १८३५ सालाचेच रुपये १८४० पर्यंत पाडले जात होते. म्हणून त्यांची संख्या मोठी आहे. नुसत्या १८३५ या आकड्यामुळे नाणे दुर्मीळ ठरत नाही. लाखांच्या किमती सांगणाऱ्या जाहिराती याच अज्ञानावर चालतात.

रामदरबाराचे १८१८ चे नाणे खरे आहे का?

सर्वाधिक फसवणूक होते ती एका बाजूला रामदरबार, हनुमान किंवा लक्ष्मी, तर दुसऱ्या बाजूला इंग्रजीत कंपनीचे नाव, आण्याचे मूल्य आणि १८१८ असे साल असलेल्या तुकड्यांत. काही जण त्यांच्यात दैवी शक्ती असल्याचे किंवा ती तांदूळ ओढून घेतात असेही सांगतात. कंपनीच्या नाण्यांच्या अधिकृत सूचींमध्ये अशा तुकड्यांना स्थान नाही. ते अलीकडच्या काळात बनवलेले देवस्थानी बिल्ले आहेत. देव्हाऱ्यात ठेवायला कोणाची हरकत नसावी, पण नाणे म्हणून त्यांना मोल नाही.

इथेही प्रिन्सेप यांचा काळ माहीत असला की उलगडा होतो. १८१८ मध्ये बंगालचा रुपया शाह आलम यांच्या नावाने, फारसी अक्षरांत निघत होता. मद्रासकडच्या पॅगोडा या सोन्याच्या नाण्यावर विष्णूची आकृती होती, हे खरे. पण ते नाणे वेगळे, त्याची घडण वेगळी. आपल्याकडे शिवकालीन होनाबाबतही हीच काळजी घ्यावी. अस्सल होन अत्यंत दुर्मीळ आहेत. स्वस्तात सोन्याचा होन देऊ करणारी जाहिरात बहुधा प्रतिकृतीची असते. प्रतिकृती म्हणून घ्यायला हरकत नाही, अस्सल म्हणून घेऊ नये.

फोटोवरून नाणे ओळखता येते का?

या प्रश्नाचे उत्तर प्रिन्सेप यांच्या आयुष्याच्या सर्वांत गाजलेल्या भागात आहे. १८३२ पासून ते एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाचे संपादक होते आणि सोसायटीचे सचिवपदही त्यांच्याकडे आले. दिवसा टांकसाळ, उरलेल्या वेळात नाणी आणि शिलालेख. पंजाबात जनरल व्हेंचुरा यांनी माणिक्याल इथला स्तूप खणला होता. अफगाणिस्तानात चार्ल्स मॅसन बेग्रामच्या परिसरातून हजारो नाणी जमवत होते. त्यांतली बरीच नाणी प्रिन्सेप यांच्यापर्यंत चित्रांच्या आणि ठशांच्या रूपाने पोहोचत. शिलालेख तर बहुतेक प्रतींच्या रूपात येत. म्हणजे आपण जसे फोटोवरून नाणे बघतो, तसेच ते प्रतींवरून बघत होते.

अस्पष्ट प्रतीवर ते विसंबले नाहीत, नवी मागवत. गिरनारच्या लेखाचे कापडावर घेतलेले ठसे त्यांच्याकडे मुंबईच्या जॉन विल्सन यांच्यामार्फत आले होते. त्यात काही जागा शंकास्पद होत्या. म्हणून नव्याने प्रत काढण्यासाठी लेफ्टनंट पोस्टन्स यांना गिरनारला पाठवण्याची व्यवस्था झाली. शंका आली की दुसरी प्रत, दुसऱ्या माणसाकडून. ऑनलाइन खरेदीतही हाच नियम पाळावा. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे, काठाचे आणि काट्यावर ठेवलेल्या नाण्याचे नवे फोटो मागवावेत. आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवायला सांगावे. मूळ फोटो मोबाइलवरच्या प्रतिमा-शोधात टाकून बघावा. तोच फोटो दुसऱ्या कुठल्या लिलावात किंवा जाहिरातीत सापडला, तर नाणे विक्रेत्याच्या हातात नाही असे समजावे.

आणखी एक खूण. दोन वेगवेगळ्या नाण्यांवर एकाच जागी, एकाच आकाराचा ओरखडा असू शकत नाही. तसे दिसले तर दोन्ही एकाच खऱ्या नाण्यावरून काढलेल्या साच्यातली आहेत. एकाच विक्रेत्याकडची अनेक नाणी शेजारी शेजारी ठेवून बघितल्यास हे उघड होते.

ब्राह्मीचा उलगडा कसा झाला?

१८३७ मध्ये कॅप्टन एडवर्ड स्मिथ यांनी पाठवलेले सांचीच्या लेखांचे ठसे प्रिन्सेप यांच्यासमोर होते. स्तूपाच्या कठड्यावरचे हे छोटे छोटे लेख जवळपास सगळे त्याच अक्षरांनी संपत होते. देवस्थानात देणगीदारांची नावे कोरतात, तसे हे दानलेख असावेत, असा अंदाज त्यांनी बांधला. शेवटचा शब्द दान असा धरला आणि अक्षरे सुटत गेली. सौराष्ट्रातल्या क्षत्रपांच्या नाण्यांवरचे लेखही याच काळात वाचले गेले. ग्रीक आणि भारतीय अशा दोन लिपींतल्या नाण्यांमुळे खरोष्ठीचीही अक्षरे उलगडू लागली. पंडित कमलाकांत विद्यालंकार यांची साथ होती, जर्मन अभ्यासक ख्रिश्चन लासेन यांचेही काम पुढे आले होते. हे एकट्याचे काम नव्हते आणि प्रिन्सेप यांनी सहकाऱ्यांचे श्रेय छापून मांडले.

स्तंभांवरच्या लेखांत पियदसी नावाचा राजा वारंवार येत होता. तो सिंहलद्वीपाचा राजा असावा, असे प्रिन्सेप यांना आधी वाटले. तिथल्या पाली ग्रंथांचे अभ्यासक जॉर्ज टर्नर यांनी पियदसी म्हणजे मौर्य अशोक असल्याचे दाखवून दिले. प्रिन्सेप यांनी आपले मत लगेच बदलले आणि तसे जाहीरही केले. पुरावा समोर आल्यावर आवडता अंदाज सोडणे संग्राहकाला सर्वांत जड जाते. पैसे गेलेले असतात, नाणे आवडलेले असते, म्हणून काटा चुकीचा आकडा दाखवत असला तरी काट्यालाच दोष दिला जातो. परत करण्याची मुदत मात्र त्यात निघून जाते.

अखेर कशी झाली?

टांकसाळ, नियतकालिक, पत्रव्यवहार आणि लिपिवाचन हे सगळे एकाच माणसाच्या डोक्यावर होते. १८३८ मध्ये त्यांना तीव्र डोकेदुखी जडली. त्याच वर्षी कुटुंबासह त्यांना इंग्लंडच्या जहाजावर बसवण्यात आले. बुद्धी आणि स्मरण ढासळत गेले. २२ एप्रिल १८४० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय अवघे चाळीस. कलकत्त्यात १८४३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ हुगळीकाठी प्रिन्सेप घाट बांधला गेला, तो आजही आहे. त्यांचा नाणेसंग्रह १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमकडे गेला. मिळालेल्या नाण्यांची चित्रे आणि माहिती त्यांनी जागच्या जागी छापून ठेवली होती, म्हणून पुढच्या अभ्यासकांना ती तपासता आली. नाणे कुठून आले, कोणाकडे होते, याची नोंद त्याच्या खरेपणाचा मोठा आधार असते.

खरेदीआधी कायद्याचे काय लक्षात ठेवावे?

शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावस्तू ठरते. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या मराठी संग्राहकांनी भारतातून अशी नाणी टपालाने मागवू नयेत. विक्रेत्याकडे परवाना आणि पावती मागावी. पावतीवर नाण्याचे वर्णन, वजन आणि खोटे निघाल्यास परत घेण्याची अट लिहून घ्यावी.

जुनी नाणी विकून देतो म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नावाने शुल्क, कमिशन किंवा कर मागणारे भामटे असतात. असे व्यवहार आपण करत नाही आणि त्यासाठी कोणालाही नेमलेले नाही, असे बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले आहे. ई-कॉमर्स मंचावर घेतलेल्या वस्तूबद्दल तक्रार केल्यास तिथल्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचे, असा २०२० चा नियम आहे. समाजमाध्यमावरच्या अनोळखी विक्रेत्याला थेट पैसे पाठवले तर हा आधार मिळणे अवघड होते. पैसे बुडाल्यास लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. ग्राहक म्हणून तक्रारीसाठी १९१५ हा क्रमांक आहे.

बंदा रुपया हा शब्द आपण भरवशाच्या माणसासाठी वापरतो. तो भरवसा तोलून, तपासून आणि नोंद ठेवून आलेला होता. छोटा काटा, पेलाभर पाणी आणि परत करण्याची लेखी अट एवढ्या तयारीने संग्राहकाला तीच तपासणी आज घरी करता येते.